एका उन्हाळी वर्गाचा हिशेब



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून वसंताचे दिवस हे आपल्याकडे चार शहाण्या माणसांचे ऐकून घेण्याचे दिवस ठरले. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे बोलणे कारखान्याच्या फाटकावरचे. तिथे माईक नसतो, तांब्याभांडे नसते, आणि पाळीचा भोंगा झाला की श्रोते वक्त्याचे वाक्य अर्धे टाकून आत जातात. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही बराच विचार केला आणि सांगितले की, आम्हांला एकाच गोष्टीवर थोड्याफार अधिकाराने बोलता येईल, ती म्हणजे आपल्याला न येणारी भाषा.

२०१८ च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही जर्मनीतील बॉन शहरी चार आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात जर्मन भाषा शिकलो. चळवळीत काम करणाऱ्यांसाठी असलेली एक शिष्यवृत्ती आम्हांला मिळाली होती. तीत शिकवणीचे शुल्क, खोली आणि जेवणखर्च भागत होता. विमानाचे तिकीट मात्र आपले आपण काढायचे होते, ते युनियनच्या सभासदांनी वर्गणी करून काढले. त्या पैशाचा हिशेब आम्ही परत आल्यावर सर्वसाधारण सभेत पावत्यांसह मांडला, आणि तो मंजूरही झाला. आज मांडतो आहोत तो दुसरा हिशेब. तो अजून कोणी मागितलेला नाही, पण देणे लागतो.

आम्ही जर्मनच का शिकलो, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या भागात एक कारखाना आहे. त्याची मूळ कंपनी जर्मन. बोलणी अडली की इथले व्यवस्थापक हात वर करून सांगत, "निर्णय तिकडचा आहे." तिकडे कामगारांचे निवडलेले मंडळ असते, त्याला बेट्रीब्सराट म्हणतात, आणि कायद्याने त्याला बरेच अधिकार आहेत, हे आम्ही वाचले होते. त्या मंडळाला सरळ त्याच्या भाषेत पत्र लिहावे असे आमच्या मनात आले. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने इंग्रजी शब्दकोशाच्या आधाराने शिकावी तशी आम्ही जर्मन शिकू लागलो. रात्री घरची निजानीज झाली की पुस्तक उघडायचे.

परंतु हे झाले सभेत सांगण्याजोगे कारण. खरे कारण निराळे होते. बॉनला जाण्याच्या काही वर्षे आधी दुसऱ्या एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. अकरा पानांचा इंग्रजी मसुदा. रात्रीचे दहा वाजलेले, दिवसभर बोलणी होऊन सगळे थकलेले, चहाची तिसरी फेरी झालेली. पगाराचे आकडे आम्ही चारदा तपासले. शेवटच्या पानावर एक कलम होते की, हा करार म्हणजे सर्व प्रलंबित मागण्यांची पूर्ण आणि अंतिम तडजोड आहे. असले वाक्य प्रत्येक कागदाच्या शेपटीला असतेच, असे समजून आम्ही सही केली. त्या एका वाक्यात दोन वर्षांच्या ओव्हरटाइमची थकबाकी बुडाली. तिच्याबद्दल नंतर वेगळे बोलू, असे आम्ही सभासदांना सांगून ठेवले होते. प्रत्येकाचे काही हजार रुपये गेले. फाटकावर सभा झाली तेव्हा कोणी आरडाओरडा केला नाही. यंत्रावरचा एक जुना माणूस मात्र उठला आणि म्हणाला, "भाऊ, त्या कागदात काय लिव्हलं व्हतं, ते तुम्हाला तरी कळलं व्हतं का?"

त्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. मालकाच्या लबाडीवर वीस मिनिटे भाषण केले.

आता बॉनला येऊ. ऱ्हाइन नदीच्या काठचे हे शहर. बेथोव्हेन १७७० साली इथेच जन्मला. १९४९ पासून जर्मनी एक होईपर्यंत पश्चिम जर्मनीची राजधानी इथे होती. आम्ही शनिवारी रात्री वसतिगृहावर पोहोचलो. तिथल्या व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थाने किल्ली दिली, अनामत रक्कम घेतली आणि तीन पानांचा एक कागद पुढे केला. आम्ही लगेच सही केली. सही करून खोलीत आलो, पलंगावर बसलो आणि एकाएकी घाम फुटला. आयुष्यभर माणसांना "न वाचता सही करू नका" असे बजावत आलेल्या माणसाने परक्या देशात पाऊल टाकून तासही झाला नव्हता, तोच न वाचता सही केली होती. वाचली असती तरी कळली नसती, हे त्याहून वाईट. थकवा, परका मुलूख, समोरच्याचा वेळ जाऊ नये ही भीड आणि "एवढे काय असणार त्यात" हा भाबडेपणा, या चार गोष्टी मिळून सही कशी करवतात, हे आम्हांला त्या रात्री प्रथम आतून कळले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी पाव आणायला बाहेर पडलो तर सगळी बाजारपेठ बंद. शेवटी रेल्वे स्टेशनवर एक दुकान उघडे सापडले. पुढे कळले की रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून तिथल्या राज्यघटनेनेच राखून ठेवला आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले ते कलम १९४९ च्या घटनेत जसेच्या तसे सामावून घेतले आहे. पोटात भूक असूनही आम्हांला बरे वाटले. आमच्या मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरवून आणि अर्जांवर कामगारांच्या सह्या घेऊन झगडून मिळवलेली. दुकान बंद असले की गिऱ्हाईक चिडते. त्या दिवशी आमच्यातला गिऱ्हाईक उपाशी होता आणि कामगार खूश होता.

सोमवारी परीक्षा घेऊन वर्ग ठरवले. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. आम्हांला खालून दुसऱ्या पायरीवर बसवले. वर्गात पंधरा जण. बहुतेक विशी-पंचविशीतले. आम्ही त्यांच्या बापाच्या वयाचे. शिकवणाऱ्या बाईदेखील आमच्याहून लहान. सकाळी चार तास शिकवणी, दुपारी फिरणे, संध्याकाळी उद्याचा पाठ.

मित्रहो, मराठी माणसाला जर्मन भाषेत काही गोष्टी घरच्यासारख्या वाटतात. इंग्रजी बोलणारी मुले तीन लिंगांपुढे हताश होत. आम्हांला तो, ती, ते हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले. तिथे मुलीला मेडशेन म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. यावर वर्गात हशा झाला. आम्ही सांगितले की यात हसण्यासारखे काही नाही, आमच्याकडेही पोर लाडाचे झाले की ते पोरगे होते, लेकरू होते, कोकरू होते. त्यांचा शेन हा प्रत्यय लहानपण आणि लाड दाखवतो आणि शब्दाला नपुंसक करतो, हे बाईंनी समजावले. मात्र त्यांचा सूर्य बाई आहे आणि चंद्र पुरुष आहे, तिथे आमचे शहाणपण संपले. आकड्यांचेही तसेच. एकवीस म्हणताना ते आधी एक म्हणतात, मग वीस. आपले एकवीस, बावीस, पंचवीस त्याच चालीचे. मोठ्या माणसाला एक संबोधन आणि जवळच्याला दुसरे, हेही आहे. परक्याला झी, मित्राला डू. कामगार संघटनेत मात्र बहुधा सगळे एकमेकांना डू म्हणतात, हे ऐकून आम्हांला आमच्या युनियनच्या कचेरीची आठवण झाली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नकाराची. "मी या करारावर सही करत नाही" या वाक्यातला "नाही" मराठीत शेवटी येतो, आणि अशा साध्या वाक्यात जर्मनमध्येही शेवटी येतो. माणूस सही करतो आहे की नाकारतो आहे, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. शेवटपर्यंत ऐकण्याची सवय आम्ही भाषेतून शिकलो होतो, आणि त्या अकरा पानांच्या वेळी शेवटच्या पानावर येऊन विसरलो होतो.

हे झाले कौतुक. त्रास याहून मोठा होता. मराठीत आम्ही तासभर बोलून हजार माणसे उठवू शकतो. बॉनमध्ये पोस्टात जाऊन तिकीट मागताना आमची जीभ जड व्हायची. मनात विचार पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचे आणि तोंडात शब्द चार वर्षांच्या मुलाचे. समोरचा माणूस मोठ्याने आणि तोडून तोडून बोलू लागला की वाटे, आपल्याला बहिरा समजतो की मूर्ख? परप्रांतातून आलेला मजूर आमच्याकडे मुकाट उभा राहतो, तेव्हा आम्ही त्याला भित्रा समजत आलो होतो. तो भित्रा नसतो. त्याच्याजवळ वाक्य नसते.

एके दिवशी धड्यात दोन शब्द आले. मालकाला जर्मन भाषेत आर्बाइटगेबर म्हणतात, म्हणजे काम देणारा. कामगाराला आर्बाइटनेमर, म्हणजे काम घेणारा. आम्ही हात वर केला आणि मोडक्या जर्मनमध्ये विचारले, "बाई, काम देतो कोण? घाम गाळून काम देतो तो कामगार. ते घेतो तो मालक. मग हे शब्द उलटे कसे?" बाई थबकल्या, मग हसून म्हणाल्या की हा प्रश्न फार जुना आहे. तो खरोखरच जुना आहे. १८८३ साली मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना एंगेल्सने याच दोन शब्दांवर बोट ठेवून हा उफराटेपणा दाखवला होता. पण शब्द काही बदलले नाहीत. आजही कायद्यात तेच आहेत. आम्ही मराठीत "मालकाने काम दिले" असे म्हणतो, त्यात तरी काय वेगळे आहे? मराठीत हा उफराटेपणा आमच्या ध्यानात कधी आला नव्हता. परक्या भाषेत शब्दाची फोड करावी लागते, म्हणून तो दिसला.

बॉनच्या वास्तव्यात आम्हांला धीर दिला तो डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या एका अर्जाने. १९२१ साली लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. तिथला अभ्यास पुढे झाला नाही. पण प्रवेशासाठीचे पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिले होते. तिशीच्या उंबरठ्यावरचा, अभ्यासाने वाकलेला, पैशाची ओढाताण असलेला तो माणूस दुभाषा शोधत बसला नाही. ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले त्यांच्यातल्या एकाने ज्या भाषेत ज्ञान आहे ती भाषाच हस्तगत केली. आम्ही रोज विद्यापीठाच्या पिवळ्या इमारतीवरून जाताना त्या पत्राची आठवण काढत असू आणि मग धातूंची रूपे पाठ करीत असू.

आमच्या शेजारच्या बाकावर एक तुर्की तरुणी बसत असे. तिचे आजोबा कोलोनच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षे राबले होते. बॉनहून कोलोन रेल्वेने अर्ध्या तासावर. तुर्कस्तानातून मजूर आणण्याचा करार पश्चिम जर्मनीने १९६१ च्या ऑक्टोबरात केला. त्या माणसांना तिथे गास्टआर्बाइटर म्हणत, म्हणजे पाहुणे कामगार. आमच्याकडे पाहुण्याने जेवलेले ताट उचलले तरी घरची बाई ओशाळते; त्यांनी पाहुण्याला मोटारींच्या साखळीवर उभे केले. त्या मुलीने आम्हांला सांगितले की आजोबांना यंत्राचे सगळे शब्द येत, पण युनियनच्या सभेत एक वाक्य कळत नसे.

म्हणून आम्ही कोलोनच्या १९७३ च्या संपाची माहिती काढली. तिथल्या फोर्ड कारखान्यात हजारो तुर्की कामगार होते. सुटीत मोटारीने गावी जाऊन यायला सुटी पुरत नसे. त्या वर्षी उशिरा परतलेल्या सुमारे ३०० जणांना कामावरून काढले, आणि २४ ऑगस्टला संप उभा राहिला. काढलेल्यांना परत घ्या, सुटी वाढवा, मजुरी वाढवा, साखळीचा वेग कमी करा, अशा मागण्या होत्या. मागण्या आमच्याच वाटाव्यात अशा. पण कारखान्यातल्या मंडळाचे पुढारी आणि युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. आठवड्याच्या आत, ३० ऑगस्टला संप मोडला. तो मोडण्याची कारणे अनेक होती. परंतु ज्यांच्या वर्गणीवर युनियन चालते त्यांची भाषा युनियनला येत नसेल, तर त्यांचे दुःख तिला फार उशिरा ऐकू येते, हे एक कारण आम्हांला पुसता येत नाही. तिथल्या मंडळांच्या निवडणुकीच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती आम्ही वहीत उतरवून घेतली. ज्यांना जर्मन येत नाही अशा परदेशी कामगारांना निवडणुकीआधी मतदान, उमेदवारी, याद्या हे सगळे योग्य रीतीने समजावून सांगण्याची काळजी निवडणूक समितीने घ्यावी, असे तो नियम सांगतो.

हे वाचताना आमची मान खाली गेली. आपल्याकडे १९४६ च्या कायद्यात असे म्हटले होते की, कारखान्याचे स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फाटकापाशी लावावेत. या तरतुदीवरून आम्ही मालकांशी पुष्कळ भांडलो. इंग्रजी आमच्यावर लादू नका, मराठी पाटी लावा, असे ओरडलो. आणि त्याच वेळी आमच्याच फाटकातून ओडिशाचे, बिहारचे, झारखंडचे कंत्राटी मजूर आत जात होते, आणि आम्ही त्यांच्या हातात मराठी पत्रके देत होतो. ते पत्रक घडी करून खिशात ठेवत. आम्ही समजत होतो, वाचतील.

वर्ग संपत आला तेव्हा त्या वसतिगृहाच्या तीन पानांकडे पुन्हा वळलो. तीन रात्री शब्दकोश घेऊन बसलो आणि कागद ओळीओळीने मराठीत उतरवला. भयंकर असे काही नव्हते. खोली सोडताना ती बेझेनराइन असावी, नाहीतर अनामतीतून सफाईचा खर्च कापू, असे मात्र होते. बेझेन म्हणजे झाडू, राइन म्हणजे स्वच्छ. झाडू मारल्याइतकी स्वच्छ. शेवटच्या सकाळी आम्ही त्या गृहस्थाकडे जाऊन झाडू मागितला. त्याने आश्चर्याने पाहिले. खोली झाडून किल्ली दिली, त्याने आत डोकावून पाहिले आणि अनामत पैन्‌पै परत केली. एवढी छोटी गोष्ट. पण त्या कागदाखाली आमची सही त्या दिवशी खरी झाली, असे आम्हांला वाटले.

आता, तुम्हां नगरवासीयांना या हिशेबाचे काय? आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतातल्या कुशल माणसांसाठी वर्षाच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचे जाहीर केले. आपल्या गल्लीतली मुले-मुली जर्मनचे वर्ग लावत आहेत. कोणी परिचारिका होऊन जाईल, कोणी वीजतंत्री. त्यांनी जावे. आमचा आशीर्वाद आहे. पण नोकरी मिळवण्याइतकी भाषा शिकणे वेगळे आणि नोकरीचा कागद वाचण्याइतकी भाषा शिकणे वेगळे. वर्गात पहिला धडा "माझे नाव अमुक" असा असतो. तो शिका. पण घरातून निघण्याआधी पगार, कामाचे तास, सुटी, नोकरी सोडण्याची मुदत, आणि मध्येच सोडल्यास मध्यस्थाला किती पैसे भरावे लागतील, हे पाच शब्द त्या भाषेत ओळखता आले पाहिजेत. आईबापांनी मुलाला विचारावे, "सही केलीस त्या कागदात काय लिहिले आहे, ते मला मराठीत सांग." सांगता आले नाही, तर बॅग भरू नये.

आमच्या युनियनमध्ये आम्ही परत आल्यापासून दोन रिवाज घातले आहेत. कोणताही करार सही होण्यापूर्वी अख्खा मराठीत आणि हिंदीत मोठ्याने वाचला जातो. ओडिया येणारा एक तरुण मजूर आपल्या माणसांना शेवटी तो सांगतो. यात दोन तास जातात. व्यवस्थापक घड्याळ पाहतात. पाहू द्यावे. आणि दुसरा रिवाज असा की, ज्याला कळले नाही त्याने हात वर करायचा, आणि त्याला कोणी हसायचे नाही. पहिला हात बहुधा आमचाच असतो.

त्या कारखान्याच्या मूळ कंपनीतल्या मंडळाला आम्ही जर्मनमध्ये पत्र लिहिले, त्याचे उत्तरही आले. ते आमच्या चुका मोजत बसले नाहीत. पण ती कथा वेगळी.

यंत्रावरचा तो जुना माणूस आता निवृत्त होऊन गावी असतो. बॉनहून परतल्यावर आम्ही मुद्दाम त्याच्या घरी गेलो. चहा झाला. मग आम्ही म्हणालो, "बाबा, तुम्ही तेव्हा विचारलं होतं. नाही, मला कळलं नव्हतं." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तवाच सांगितलं असतं, तर आपन दोघांनी मिळून कुनाला तरी विचारलं असतं."

आमचा हिशेब एवढाच.